कौलावरचं १८६५

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा मी रोह्याच्या घरी होतो. टाळेबंदी असल्यामुळे लॅपटॉप घेऊन ओटीवर बसायचो. त्या दुपारी आमची दीडशेच्या वर कौलं गेली. पाऊस तोंडावर आलेला आणि छपरावर चढणारा माणूस मिळेना, कारण तो प्रत्येकालाच हवा होता. शेवटी मी आणि बाबा चढलो.

एक फुटकं कौल उलटं केलं तर आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरं दिसली : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. आमचं घर १८६५ चं, असं आजोबा पाहुण्यांना सांगत. पुरावा हाच. पण ते साल घराचं नाही आणि कौलाचंही नाही. ते कारखान्याचं आहे.

एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट आल्सेसमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये घेतलं. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने मंगळूरच्या जेप्पू भागात १८६५ मध्ये तशा कौलांचा कारखाना काढला. साच्यात पुढेही तेच साल राहिलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मिशनचे उद्योग ताब्यात घेतले, ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि कौलांवरचं नावही बदललं. म्हणजे आमचं कौल या दोहोंच्या मधलं कधीचंही.

त्याआधी कोकणात पेंढा असे किंवा नळीची कौलं. कुंभार चाकावर नळा काढून तो उभा चिरून कौलं करी. ती नुसती एकमेकांवर ठेवलेली. माकडं, मांजरं, वारा त्यांना हलवत, म्हणून पावसाआधी घर शाकारावं लागे. मंगळुरी कौलाने हे काम पुष्कळच कमी केलं. त्याच्या पोटाकडचे उंचवटे रिपेला अडकतात, कडेची पन्हळ शेजारच्या कौलात बसते. बदलायचं तर वरचं कौल थोडं वर सरकवायचं, फुटकं उचलून ओढायचं, नवं रिपेला अडकवायचं आणि वरचं खाली आणायचं. पहिल्या कौलाला मला वीस मिनिटं लागली, संध्याकाळी दोन.

पण कौलं आणायची कुठून? पेणच्या मामांनी जुनं घर पाडून स्लॅब टाकला होता. परसात दोनशे कौलं रचलेली. टेम्पोने आणली, पण बसेनात. ती दुसऱ्या कारखान्याची. त्यांची पन्हळ आमच्यापेक्षा जेमतेम अर्धं बोट बाहेर. ‘मंगळुरी’ हे नाव एक, साचे वेगळे. कुंभाराचं कौल मात्र कुणाच्याही घरावर चाललं असतं, कारण ते कशातच अडकत नव्हतं.

उपाय बाबांना सुचला. पडवीवरची आमची धड कौलं उतरवून माजघरावर चढवली आणि पडवीवर सलग मामांची घातली. एका उतारावर एकच कारखाना. पावसाळा कोरडा गेला. मामी आली की पडवीत बसून वर बघते.

आमच्या कौलांसारखी कौलं आळीत आता तीनच घरांवर आहेत. त्यांतल्या एकाचं स्लॅबचं ठरलंय. कौलं टाकू नका, अलगद उतरवा, असं बाबांनी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.