वर्तणूक : चांगली

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो. त्यात सगळ्यांच्या नावापुढे 'चांगली'च लिहिलेले. (माझ्याही!) देऊळगाव राजा सोडून इंजिनिअरिंगला गेले तेव्हा वसतिगृहाच्या बाईंनी आधी तोच रकाना पाहिला.

घर सोडून शहरात आलेल्या मुलींसाठी निघालेल्या ख्रिस्ती संस्थांविषयी वाचताना तो रकाना पुन्हा भेटला. इंग्लंडमध्ये १८७५ साली मेरी एलिझाबेथ टाउनसेंड यांनी 'गर्ल्स फ्रेंडली सोसायटी' काढली. खेड्यातून घरकामाला शहरात आलेल्या मुलीला चर्चमधल्या थोरल्या बाईने मैत्रीण व्हायचे, ही कल्पना. पण मुलगी शीलवान हवी; बोल लागला की सभासदत्व गेले. म्हणजे गरज सर्वांत मोठी, तेव्हाच मैत्री संपली! त्याच वर्षी मुंबईत वायडब्ल्यूसीए सुरू झाली. नोकरदार मुलींना तिची वसतिगृहे आजही ठाऊक आहेत.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅमला सिस्टर्स 'पतित' म्हटल्या गेलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे असे कुणी करताना त्यांनी पाहिले नव्हते. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी 'कृपासदन' उघडले.

आपल्या वर्गातली एक जण दहावीआधीच शाळेतून गेली. गावात काय काय बोलले गेले, ते आठवत असेल. आपल्यापैकी कुणी तिच्या घरी गेले नाही, मीही नाही. संमेलनाच्या यादीत तिचे नाव नाही. कुणाकडे तिचा नंबर असेल तर मला कळवा.