जिवाणी आणि जिवाणू

इतवारीतल्या घरी आजी दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची नि जिवाणी परत विहिरीत सोडायची. मला वाटायचं, गाळलं की झालं. तरी धाकट्याला कावीळ झालीच.

१८८४ मध्ये कोखने कलकत्त्यात कॉलऱ्याचा जिवाणू वेगळा करून दाखवला. तो जेमतेम दोन मायक्रॉनचा, एकटा असला तर फडक्यातून सहज निसटतो. पण पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून बसतो आणि ते जीव फडक्यात अडतात. बांगलादेशात साडीच्या चार-आठ पदरांतून पाणी गाळल्यावर कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. (साडी जुनीच हवी, धुऊन धुऊन धागे फुगतात.)

काविळीचा विषाणू मात्र कापडाला जुमानत नाही, त्याला खळखळून उकळीच लागते. दशलक्षणात आजी तेच करायची, आधी गाळणं, मग चूल.