भिंतीआडची रेंज

दिंडोशीत घरात रेंज गेली की आपण फोन घेऊन खिडकीशी जातो. या सवयीमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे रेडिओलहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. लहर भिंत ओलांडते हे कळलं. किती ताकद गमावून, हे मोजायचं होतं. १९४६ मध्ये फ्रिस यांनी दिलेलं सूत्र मोकळ्या जागेपुरतं होतं. घरात लहर भिंती, छत, कपाटांवर आपटत अनेक वाटांनी, थोडी मागेपुढे पोचते. १९८७ मध्ये सालेह आणि वॅलेन्झुएला यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या इमारतीत मोजून दाखवलं, की हे पडसाद झुंडीझुंडीने येतात. पुढे वायफायच्या मॉडेलांनीही हीच कल्पना उचलली.

पण मॉडेलमधले आकडे ज्या इमारतीत मोजले, तिचेच असतात. पातळ पार्टिशनपेक्षा आरसीसीची भिंत लहर जास्त अडवते. फ्रिक्वेन्सी वाढली की आणखीच. दिंडोशीतल्या एखाद्या स्वयंपाकघरातून रात्री अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लागायला हवा असेल, तर मापं इथल्या भिंतींचीच घ्यावी लागतील.