रस्ता तपासतात, रोलरवाल्याला कोण तपासतं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागात एका रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. भर दुपारी तिथून जात होतो. पारा पंचेचाळीसच्या वर, कडेची झाडं आधीच तोडलेली. सावली एकच, उभ्या रोलरची. तिच्यात चार मजूर आडवे झालेले.

रोलरवरच्या पोराला विचारलं, "लायसन आहे का रे?"

"ट्रॅक्टरचं आहे ना भाऊ. रोलर तर हेल्परगिरी करता करता शिकलो."

"सुरू करायच्या आधी खाली पाहतोस का?"

"हाक मारतो ना."

त्या 'हाक मारतो'पायी हे लिहितोय. रोलर चालवणाऱ्याला शिकवायचं कोणी आणि तपासायचं कोणी, हा प्रश्न नवा नाही. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

रोलर जन्मला तो वाफेवर. 1860 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचेस्टर गावच्या अॅव्हलिंग अँड पोर्टर कंपनीने वाफेचे रोलर बनवायला घेतले आणि पुढे ते हिंदुस्थानातही आले. त्या यंत्राचा धोका सगळ्यांना दिसायचा. बॉयलर फुटला तर आजूबाजूचं कोणी वाचणार नाही, हे सांगायला इंजिनीअर लागत नव्हता. 1923 मध्ये भारतीय बॉयलर कायदा आला. बॉयलरची नोंदणी करा, तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र असल्याशिवाय पेटवू नका. मग डिझेल आलं, बॉयलर गेला आणि त्याच्यासोबत बॉयलरची तपासणीही गेली. आठ-दहा टनांचं वजन मात्र तसंच राहिलं.

मी लहान होतो तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा झाला. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, लागू झाला 26 जानेवारी 1979 पासून. त्या दिवसांत गावाकडचे रस्ते असे व्हायचे : गिट्टी फोडायला बाया, पसरायला माणसं आणि दाबायला खात्याचा रोलर. आमच्या गावात यायचा तो ड्रायव्हर सरकारी नोकर होता. त्याच्या हाताखालच्या क्लीनरने कैक वर्षं फक्त तेल-पाणी केलं, चाकं पुसली. ड्रायव्हर त्याला स्टिअरिंगला हात लावू देत नसे. आम्ही पोट्टे जवळ गेलो की शिव्या खायचो. आज कळतं, त्या शिव्या म्हणजेच त्या काळचं सेफ्टी ट्रेनिंग होतं. कागदावर काही नव्हतं, पण उस्तादाने 'झाला तयार' म्हटल्याशिवाय यंत्र हातात येत नव्हतं.

ही उस्तादी मोडली ती कामं ठेक्यावर गेल्यावर. 25 डिसेंबर 2000 ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. 2009 मध्ये नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी वेगळी रस्ते योजना आली, 2016 मध्ये आणखी एक. गडचिरोलीत रस्ता बांधणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. 1 मे 2019 ला पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं आणि यंत्रं जाळली गेली. त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. अशा ठिकाणी काम मिळालं की ते झपाट्याने उरकायचं, यंत्र रात्री सुरक्षित जागी न्यायचं, यातच सगळ्यांचा जीव अडकलेला. मोठ्या भीतीखाली रोजचा छोटा धोका कोणाच्या हिशेबात आलाच नाही.

कायदा नाही असं नाही बरं का. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात रोडरोलर हा लायसनचा स्वतंत्र वर्ग आहे. रिकाम्या वजनाने 7500 किलोपर्यंतचा रोलर हलक्या वाहनात धरतात. आठ-दहा टनी रोलर त्यात बसतच नाही, म्हणजे त्या पोराचं ट्रॅक्टरचं लायसन इथे कामाचं नाही. पण समजा, एमएच 33 किंवा एमएच 34 च्या आरटीओतून त्याने योग्य लायसन काढलं, तरी परीक्षा कशाची होणार? वाहन चालवण्याची. आणि बांधकाम यंत्राची व्याख्या करताना नियमच सांगतात की त्याचं रस्त्यावर धावणं हे दुय्यम, खरं काम रस्त्याबाहेरचं. म्हणजे दुय्यम गोष्टीची परीक्षा होते, मुख्य कामाची होत नाही.

मुख्य काम काय असतं? रोलिंग कडेपासून सुरू करून मधोमध आणायचं. वळणावर खालच्या बाजूकडून वर जायचं. वेग ताशी 5 किलोमीटरच्या आत. हे सगळं रस्त्याच्या मानकांत लिहिलेलं आहे. काम झालं की खड्डा खणून, वाळू भरून थर किती दाबला गेला तेही तपासतात. पण कडेपासून सुरू करायचं म्हणजे जिथे भराव सगळ्यात कच्चा, तिथेच यंत्र घालायचं. मुरमाचा नवा भराव, त्यावर एक पाऊस, की कड सुटते आणि रोलर आडवा होतो. घाबरलेला माणूस उडी मारतो आणि यंत्र त्याच्याच अंगावर येतं. वर मजबूत सांगाडा असेल, तर पट्टा बांधून जागेवर बसून राहणं हाच वाचण्याचा मार्ग. हे उपजत कळत नाही, शिकवावं लागतं.

बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याखाली 1998 मध्ये केंद्राचे नियम आले. त्यात रोलरबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या, पण नेमक्या : रोलर घालण्याआधी जमीन भार पेलेल का ते तपासा, विशेषतः भरावाच्या कडेला. आणि उतारावर गिअर काढून रोलर सोडू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. तो कायदा आता 2020 च्या संहितेत गेला आणि संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कायद्याचं नाव बदललं, कड तिथेच आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातली दुसरी बाजू पाहा. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत 1966 च्या नियमांपासून व्यावसायिक प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते झाल्याशिवाय माणसाला कामावर घेता येत नाही. सीमा सडक संघटनेत तर 'ड्रायव्हर रोड रोलर' हे वेगळं पदच आहे. म्हणजे खाणीच्या फाटकाच्या आत यंत्रावरचा माणूस शिकलेला हवा आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावर 'हाक मारतो' चालतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. या पोरांना शाळेत बसवा असं मी म्हणत नाही. त्यांचा हात बसलेला आहे. केंद्राच्या कौशल्य योजनेत आधीच येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत आयटीआय आहेत. चार-पाच दिवसांचा वर्ग घ्या : कड, उतार, पट्टा, मागे पाहणं, आणि सुरू करण्याआधी खाली उतरून यंत्राभोवती एक पूर्ण फेरी. त्या दिवसांची मजुरी बुडू देऊ नका, नाहीतर कोणी येणार नाही. आणि निविदेत एक ओळ टाका : प्रमाणपत्र असलेला चालक नसेल तर रोलर कामावर धरला जाणार नाही. थराच्या तपासणीचा कागद लागल्याशिवाय बिल निघत नाही ना? त्याच फायलीत हाही कागद लागू द्या.

आणि मजुरांसाठी एक ताडपत्री बांधा. सावली मिळाली तर रोलरखाली कोण झोपेल?