ई-सिगारेट आणि कुमारवयीन धूम्रपान

निकोटीनयुक्त द्रव बॅटरीवर तापवून त्याचा फवारा ओढणे (व्हेपिंग) आणि तंबाखू जाळून त्याचा धूर ओढणे या दोन सवयींचा शाळकरी वयातील परस्परसंबंध. व्हेप ओढणारी मुले पुढे सिगारेटकडे वळतात का, हा यातील मुख्य वाद. त्याचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला असून प्रस्तुत नोंद बहुतांशी तेथील माहितीवर आधारलेली आहे.

उपकरण : आजच्या धर्तीची ई-सिगारेट होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ मध्ये तयार केली. अमेरिकी शाळांत तिचा फैलाव झाला तो मुख्यतः २०१५ मध्ये आलेल्या ‘जूल’मुळे. हे यंत्र पेनड्राइव्हसारखे दिसे, यूएसबीवर चार्ज होई आणि मुठीत सहज लपे. कुपीत द्रव जेमतेम ०.७ मिलिलिटर, पण त्यात निकोटीन वजनाने ५ टक्के, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम. युरोपीय संघात निकोटीनची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. निकोटीन मूळचे अल्कधर्मी असल्याने ते तीव्र असेल तर घसा खवखवतो आणि ठसका लागतो. नवख्या मुलाला थांबवणारी ही शरीराची पहिली राखण. बेंझोइक आम्ल मिसळून निकोटीनचा क्षार केला की ती राखण उठते. वर आंबा, पुदिना असे स्वाद. या विषयात क्षाराइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. तरीही चर्चा स्वादांचीच अधिक होते.

आकडेवारी : राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार अमेरिकी माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत (नववी ते बारावी) गेल्या ३० दिवसांत ई-सिगारेट ओढलेल्यांचे प्रमाण २०११ मध्ये १.५ टक्के होते. ते २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ७.८ टक्क्यांवर उतरले. याच काळात सिगारेट ओढणारे १५.८ वरून १.७ टक्क्यांवर आले.

संशोधन : अ‍ॅडम लेव्हेंथल व सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील दहा शाळांतील नववीच्या, जळता तंबाखू कधीही न ओढलेल्या सुमारे २,५०० मुलांचा पाठपुरावा केला (२०१५). त्यांपैकी आधी व्हेप चाखलेल्या ३०.७ टक्के मुलांनी पुढील सहा महिन्यांत जळता तंबाखू ओढला. इतरांत हे प्रमाण ८.१ टक्के होते. यात सिगारेटबरोबर सिगार आणि हुक्काही धरला आहे. दाखला देताना ही गोष्ट हमखास गळते. व्हेप हे सिगारेटचे प्रवेशद्वार असल्याचा निष्कर्ष अशा अभ्यासांतून काढला जातो. उलट पक्ष असा की, धाडसी, उदास किंवा घरी-मित्रांत धूम्रपान पाहणारी मुले दोन्हींकडे वळतात. दोहोंचे मूळ एकच. मुलांना व्हेप देऊन प्रयोग करता येत नाही, त्यामुळे हा तिढा पूर्ण सुटणे अवघड. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१८ च्या अहवालाने मात्र व्हेपमुळे मुलांनी सिगारेट चाखण्याचा धोका वाढतो, याला भरीव पुरावा असल्याचे म्हटले. सिगारेट ओढणाऱ्यांच्या प्रमाणातील देशभरची घसरण आणि व्हेप ओढणाऱ्या एकेका मुलाचा वाढता धोका या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शिवाय सिगारेट टळली तरी निकोटीनचे व्यसन उरतेच.

आरोग्य : कुमारवयात मेंदूची वाढ चालू असते, निकोटीन तीत बाधा आणते.

भारत : येथे १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम आणि पाठोपाठ कायदा होऊन ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आली. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे, तर २.८ टक्के ई-सिगारेट कधीतरी ओढलेले आढळले. महाराष्ट्रात गुटखा, खर्रा, मावा आणि मशेरी यांतूनही तंबाखूची ओळख होते, त्यामुळे कॅलिफोर्नियातील निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नयेत. कायद्यात विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. ओढण्याच्या कृतीला शिक्षा नाही. दप्तरात व्हेप सापडल्यास पालकांनी मुलाला धाक दाखवण्याऐवजी मदत मिळवून द्यावी. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.