हुलग्याचे शेंगोळे आणि कामकऱ्याचे ताट

पुण्यामुंबईच्या काही हॉटेलांतून हल्ली 'फो' नावाचा व्हिएतनामी पदार्थ मिळू लागला आहे. हाडे कित्येक तास उकळून काढलेला नितळ रस्सा, त्यात तांदळाच्या चपट्या शेवया, वर मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, सुवासिक पाला आणि लिंबाची फोड, असा तो भला मोठा वाडगा असतो. आमच्या घोडेगाव-मंचर-जुन्नरकडची जी तरुण मंडळी चाकणला आणि हिंजवडीला नोकरीस आहेत, त्यांपैकी काहींच्या तोंडी हे नाव आता आले आहे. आणि हा पदार्थ प्रकृतीस कसा, रोजच्या आहारात तो बसतो किंवा नाही, अशी विचारणाही होते. विचारणा रास्त आहे. मात्र ती ऐकली की आम्हास आधी आठवतात ते शेंगोळे. रश्श्यात शिजवलेल्या शेवयांचा वाडगा हा जर परदेशी शोध असेल, तर आमच्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर काय रटरटवत होत्या?

आधी पाहुण्याचा इतिहास सांगतो, कारण तो कामकरी माणसाच्या ओळखीचा आहे. फो हा राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलेला पदार्थ नव्हे. उत्तर व्हिएतनामात, हानोई आणि नाम दिन्ह या भागात, विसाव्या शतकाच्या आरंभी तो रूढ झाला. राज्य फ्रेंचांचे होते. साहेबांच्या जेवणासाठी गोमांस कापले जाई, हाडे उरत, आणि ती हाडे रश्श्यास उपयोगी पडत. विक्रेते खांद्यावर कावड घेऊन गल्लोगल्ली फिरत. एका बाजूस चूल व पातेले, दुसऱ्या बाजूस शेवया आणि वाडगे. नाम दिन्ह येथे फ्रेंचांच्या काळात कापडाची मोठी गिरणी उभी राहिली होती, हे ऐकून परळ-लालबागच्या कोणाही जुन्या माणसाचे कान टवकारतील. पुढे १९५४ साली देशाची फाळणी झाली, लक्षावधी माणसे उत्तरेकडून दक्षिणेस गेली, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर फोही सायगावात पोहोचला. तेथे त्यात मोड आलेली कडधान्ये व हिरवा पाला यांची भर पडली. युद्धाच्या काळात हानोईच्या सरकारी भोजनगृहांतून मांसाशिवायच फो मिळू लागला. तेव्हा आकाशात अमेरिकेची वैमानिकाशिवाय उडणारी टेहळणी विमाने घिरट्या घालीत. लोकांनी या बिनमांसाच्या रश्श्यास 'बिनवैमानिकाचा फो' असे नाव ठेवले. उपाशी माणूस विनोद करतो तेव्हा तो अजून हरलेला नसतो, हे आम्ही संपाच्या दिवसांत पुष्कळदा पाहिले आहे.

आता घरच्याकडे वळू. सभागृहात शहरी मंडळीही आहेत, म्हणून शेंगोळ्यांची कृती सांगणे भाग आहे. हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, पीठ घ्यावयाचे. त्यात थोडे गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचे वाटण, ओवा, हळद, मीठ घालून घट्ट मळावयाचे. मग हाताला तेलाचे बोट लावून त्या पिठाच्या करंगळीहून बारीक वळ्या वळावयाच्या आणि दोन्ही टोके जुळवून कडी करावयाची. पातेल्यात लसणीची झणझणीत फोडणी, त्यावर पाणी, पाण्यास खळखळून उकळी, आणि त्या उकळीत शेंगोळे एकेक करून सोडावयाचे. आधण मंद असेल तर शेंगोळे विरतात. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून रश्श्यास दाटपणा आणतात. पावसाच्या झडीत किंवा पौषातल्या थंडीत हे पातेले उतरले की भाकरी कुस्करून ओरपण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. याच हुलग्याचे माडगेही होते, आणि घाट उतरून कोकणात गेल्यास तो कुळथाची पिठी व कळण होऊन भेटतो.

हा हुलगा आमच्या खोऱ्यात किती जुना असावा? भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली घोड नदी आमच्या गावावरून पुढे शिरूर तालुक्यात जाते, आणि तेथे तिच्याच काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे निघाली. त्यांची घरे, चुली, धान्याच्या कणग्या निघाल्या, आणि करपून कोळसा झालेले दाणेही निघाले. त्यांत जव, गहू, मसूर यांच्याबरोबर हुलगा आहे. म्हणजे निदान तीन हजार वर्षे या एका नदीच्या पाण्यावर हुलगा शिजतो आहे. त्यांनी शेंगोळे वळले असे आमचे म्हणणे नाही. पातेल्यातले पीठ तीन हजार वर्षे टिकत नसते.

जुन्नरच्या लेण्यांतही धान्याची एक खूण आहे. सातवाहन काळाच्या सुमारास धान्यविक्या मंडळींच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख तेथे आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. युनियन ही विलायतेहून आलेली वस्तू आहे असे मानणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी सवडीने ते लेख पाहून यावेत. श्रेणी म्हणजे आजची युनियन नव्हे, तीत मालक व कारागीर एकत्र असत, हे आम्हासही ठाऊक आहे. पण धंद्याच्या माणसांनी एकत्र बसून आपला व्यवहार ठरविण्याची रीत या भूमीस नवी नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

इतके जुने अन्न, तरी त्याची लाज का वाटावी? कारण मधल्या काळात हुलगा जनावराच्या दावणीस गेला. घोड्याच्या तोबऱ्यात हरभरा नसेल तेव्हा हुलगा, बैलास उकडलेला हुलगा, असा दख्खनचा परिपाठ होता. इंग्रजाने त्याचे नावच 'घोड्याचा हरभरा' असे ठेवले. आमच्या गावाच्या नावात घोडा, नदीच्या नावात घोडा, आणि गरिबाच्या कडधान्याच्या नावातही घोडाच! पाहुणा आला की बाई डाळीचे वरण करू लागली आणि शेंगोळे घरच्या माणसांपुरते राहिले.

खरी गोष्ट अशी की, कष्टाच्या माणसाने काय खावे हा प्रश्न स्वयंपाकघरात फार थोडा सुटला आहे. तो सुटला, किंवा बिघडला, सरकारी कागदावर. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नव्हे, आणि काम खडी फोडण्याचे! मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यास कडाडून विरोध केला. राबणाऱ्या देहास निदान दीड पौंड धान्य पाहिजे, आणि नुसते धान्य नव्हे, त्यास डाळीची व भाजीची जोड पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. संपांचा इतिहास सांगणारे गिरण्यांपासून सुरुवात करतात. आमच्या मते तो या खडीच्या ढिगांपासून सांगावा. त्या माणसांचे भांडण ताटातल्या वजनाचे होते.

पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या आणि घाटावरची माणसे तिकडे लोटली. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. १९२३ साली फिंडले शिरास यांचा अहवाल निघाला. त्यातील एक निष्कर्ष आम्ही सभांतून आजवर अनेकदा सांगितला आहे. गिरणी कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी नियमांत दिलेल्या कमाल प्रमाणाइतके भरते, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यास दिलेल्या आहाराहून ते कमी आहे, असे सरकारी अहवालच म्हणतो! कायदा पाळून राबणारा मनुष्य चोरापेक्षा कमी जेवतो, हे वाक्य कोणा भडक वक्त्याने उच्चारले असते तर त्यास दंड झाला असता.

ज्यांची कुटुंबे गावी होती ते कामगार खानावळीवर जगत. त्या खानावळी बहुधा बायकाच चालवीत, आणि महिन्याचा पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालीत. त्यांचे स्वतःचे कर्ज सावकाराकडे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांस संघटित केले, बँकेचे दार उघडून दिले. गिरणीच्या इतिहासात भोंग्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. पोळपाटावर फार थोडी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा हजारो कामगार गावी परतले, आणि ज्यांची चूल व वावर गावी शाबूत होते तेच दीर्घकाळ तग धरू शकले.

याच्या मधोमध १९५७ सालची एक घटना आहे. त्या वर्षी पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतनाचे सूत्र ठरले. कमावत्याच्या कुटुंबाचे तीन ग्राहक घटक धरावेत, माणशी वर्षाला १८ यार्ड कापड धरावे, आणि अन्न डॉ. ॲक्रॉइड यांच्या हिशेबाने धरावे, असे ते सूत्र. ॲक्रॉइड हे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. मध्यम कष्टाच्या प्रौढास रोज २७०० उष्मांक व ६५ ग्रॅम प्रथिने असा त्यांचा हिशेब, आणि त्यांच्या समतोल आहारात कडधान्य होते तीन औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. तोंडी हिशेब मात्र येतो. १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा ८५ ग्रॅम हुलग्यात साडेअठरा ग्रॅमांहून थोडी अधिक भरतात, दिवसाच्या गरजेच्या चौथाईहून जास्त. शिवाय १०० ग्रॅमांत लोह पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम २८७ मिलिग्रॅम, आणि चरबी अर्धा ग्रॅम. घोड्यास उगाच दिला जात नव्हता!

येथे दोन वाडग्यांतील मुख्य भेद ध्यानात येतो. फोमध्ये शेवई तांदळाची असते. तिने पोट भरते, पण बळ देणारा अंश वरच्या मांसात असतो. मांस कमी पडले की तो बिनवैमानिकाचा होतो. शेंगोळ्यात शेवई स्वतःच कडधान्याची आहे. वर काही नसले तरी ताट रिकामे राहत नाही. भाकरीशी त्याची जोडी जमते त्यासही कारण आहे. कडधान्याच्या प्रथिनांत जो घटक उणा असतो तो बाजरी-ज्वारीत मिळतो, आणि धान्यात जो उणा तो कडधान्यात. आज शिधापत्रिकेवर, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे, माणशी पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चांगली गोष्ट आहे. पण कडधान्याची हमी त्या कायद्यात नाही. डॉ. कॉर्निश यांचा अर्धा अर्ज अजून पडून आहे.

दरम्यान आमच्या तालुक्याची शेतेच पालटली. डिंभे धरण झाले. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले ते गाव पाण्याखाली गेले. खाली पाणी मिळाले तेथे ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो आले. हुलगा माळावर आणि डोंगरउतारावर सरकला. पाण्याचा पैसा येऊ नये असे कोण म्हणेल? मात्र हुलगा गावच्या दुकानातही शोधावा लागतो, आणि रात्रपाळी करून खोलीवर परतलेला चाकणचा कंत्राटी मुलगा दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांचे पाकीट फोडतो. ही पाकिटातली शेवई १९५८ साली जपानात आंदो मोमोफुकू यांनी काढली, आणि भारतात ती १९८३ मध्ये आली. ती बहुधा तेलात तळून वाळविलेली, मैद्याची, आणि मसाल्याच्या पुडीत मीठ भरपूर. त्या मुलास दोष देण्यात अर्थ नाही. बारा तास उभे राहिलेल्या माणसाकडून वळ्या वळण्याची अपेक्षा धरणारा स्वतः कधी उभा राहिलेला नसतो.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे. फो अधूनमधून खावा, खुशाल खावा. शेवया निम्म्या घ्याव्यात, मोड आलेली कडधान्ये, पाला आणि अंडे किंवा कोंबडी अधिक घ्यावी, आणि रक्तदाब असलेल्याने रस्सा तळापर्यंत पिऊ नये, कारण त्यात मासळीच्या खाऱ्या अर्काचे मीठ असते. दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा नियम शेंगोळ्यांच्या रश्श्यासही लागू आहे, कारण आमच्या बायकांचा हात मिठाला काही कमी नाही. हुलग्यातले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवण संपताच चहा घेऊ नये. रश्श्यात शेवग्याचा पाला टाकल्यास फारच उत्तम. मधुमेहींना मैद्यापेक्षा हुलगा बरा. मूत्रपिंडाचा किंवा संधिवाताचा विकार असणाऱ्याने डॉक्टरास विचारावे, हुलग्याने मुतखडा विरघळतो या समजुतीवर विसंबून राहू नये. रविवारी घरात एकाहून अधिक हातांनी वळ्या वळाव्यात, त्यांत पुरुषांचेही हात असावेत. शेंगोळे दुसऱ्या दिवशी मुरून जास्तच चांगले लागतात, म्हणून चाकणच्या पहिल्या पाळीस जाणाऱ्याने ते पुन्हा एक उकळी देऊन डब्यात न्यावेत. फक्त झाकण घट्ट हवे, नाही तर सगळी बस लसणाची होते.