'दिंडी' आणि राजरस्ता : नागपूर, १९२३

'दिंडी' या शब्दाचा परिचित अर्थ टाळमृदंगासह भजन करीत जाणारा वारकऱ्यांचा समुदाय असा आहे. मोठ्या दरवाजातील लहान दारासही मराठीत दिंडीच म्हणतात. १९२३ साली नागपुरात या शब्दास निराळीच, राजकीय छटा प्राप्त झाली. मशिदीवरून वाद्ये वाजवीत जाण्याच्या प्रश्नावरून शहरात तेढ उत्पन्न झाली. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी निर्बंध घातले. आणि ते मोडण्याचे साधन म्हणून दिंडीच पुढे आली. डॉ. मुंजे, डॉ. हेडगेवार प्रभृती या 'दिंडी सत्याग्रहा'त अग्रभागी होते.

हा वाद आवाजाच्या प्रमाणाचा होता असे मानता येत नाही. रस्ता सर्वांचा, म्हणून भजन करीत जाणे हा हक्क, ही एक भूमिका. नमाजास शांतता हवी, म्हणून मशिदीपुढे वाद्य थांबविणे ही मर्यादा, ही दुसरी. एकाच ध्वनीस एकीकडे उपासना, तर दुसरीकडे व्यत्यय असे नाव मिळत होते. रूढी शेजाऱ्यांच्या समजुतीवर टिकते. ती हुकुमात उतरली की तिचे हक्कात रूपांतर होते, आणि हक्काला माघार ठाऊक नसते.

कायद्याची दृष्टी मध्यम होती. १८६१ च्या पोलीस कायद्याचे ३० वे कलम उत्सवप्रसंगी रस्त्यावरील वाद्यांचे नियमन करण्याचा अधिकार पोलिसांस देते. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मंझूर हसन खटल्यात धार्मिक मिरवणूक राजरस्त्यावरून नेण्याचा हक्क मान्य केला; मात्र दंडाधिकाऱ्यांचे आदेश व इतर जनतेचे हक्क यांच्या अधीन राहून. या खटल्यातील पक्ष शिया आणि सुन्नी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. म्हणजे तंटा मुळात दोन धर्मांपुरता नव्हता. तो रस्त्याच्या सामाईकपणाचा होता. या निर्णयाने नागपुरातील प्रश्न मात्र मिटला नाही. सप्टेंबर १९२७ मध्ये मिरवणुकीच्याच निमित्ताने शहरात दंगल उसळली.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. नियमन आवश्यक आहेच. पण मोजमाप फक्त 'किती' याचे उत्तर देते. १९२३ चा प्रश्न 'कोठे', 'केव्हा' आणि 'कोणासमोर' असा होता. त्याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते शेजारधर्मातच शोधावे लागते.